हडकुळीचं पहिलं उड्डाण

९ फेब्रुवारी

आज डेट्लेफचा कॉफीचा मग टेबलाला चिकटवला. रेझिन उरलंच होतं, फेकून कशाला द्यायचं? त्याने तो ओढला, कान हातात आला आणि कप जागच्या जागी. सगळं वर्कशॉप खिदळलं. आम्ही विद्यापीठातली पोरं इथे स्वतःचं ग्लायडर, म्हणजे बिनइंजिनाचं विमान, बांधतोय. डेट्लेफ हा आमच्यातला सर्वांत जुना, चाळिशीला टेकलेला. उड्डाणांचं सगळं तोच बघतो. तो चिडत नाही, हीच पंचाईत आहे.

"उबो, लेका," तो म्हणाला, "शेपूट एवढी निगुतीने चिकटवली असतीस तर आज तुझ्या बॅगेत वीट नसती."

वीट आहे, खरंय. आमच्यात नियमच आहे, ज्याचा भाग ठरल्यापेक्षा जड होईल त्याने आठवडाभर बॅगेत वीट घेऊन हिंडायचं. शेपूट मी केली. रेझिन जरा सढळ हाताने ओतलं, किलोभर जास्त भरली. आज वीट घेऊन मेकॅनिक्सच्या तासाला गेलो. तेवढ्या तासात वीट काय ती कामाची वाटली, तिच्यावर डोकं टेकून झोपलो.

ही वही आईने नाताळात दिली. म्हणाली, "पोरा, एक तरी गोष्ट वर्षभर नेमाने कर." तर हे घे आई, महिनाभर उशिरा सुरुवात.

१७ फेब्रुवारी

पंख मोजले. दोन्ही मिळून चार किलो जास्त.

आन्सगार खाली फरशीवरच बसला. हे ग्लायडर त्याच्या डोक्यातून निघालेलं. सहा वर्षं झाली, पदवी तशीच लोंबकळतेय, आईबापांनी विचारणं सोडलं. एका माणसाला उचलून ट्रेलरवर ठेवता येईल असं ग्लायडर, सगळं कार्बनच्या धाग्याचं आणि काचेच्या कापडाचं. कागदोपत्री त्याला एक अक्षर आणि आकडा आहे, आम्ही हडकुळी म्हणतो. एकेक ग्रॅमसाठी आन्सगार भांडतो. स्क्रूची डोकी कानशीने घासतो.

मग म्हणाला, "आता एकाच ठिकाणी वजन कमी करता येईल. वैमानिकात."

सगळे हसले. मग हात वर करून मतं घेतली, पहिल्यांदा कोण उडवणार. डेट्लेफ उडवण्यात सर्वांत तयार, पण तो चौऱ्याऐंशी किलोचा बटाटा. वीबके एकोणसाठ. सगळे हात वीबकेसाठी वर गेले.

वीबकेचा चेहरा बघायला हवा होता. चार हिवाळे ती इथे घासकाम करतेय. काचेच्या भुकटीने मनगटं कायमची लाल. तिच्यानंतर आलेली पोरं परदेशातल्या स्पर्धा उडून आली आणि ही आपली घासतेय. नव्या ग्लायडरचं पहिलं उड्डाण म्हणजे आमच्याकडे नाव भिंतीवर लागतं. कायमचं.

"माझ्यामुळे एक ग्रॅमही जास्त होणार नाही," ती आन्सगारला म्हणाली.

४ मार्च

वीबकेने बटाट्याचं सॅलड बंद केलंय. राय नावाच्या धान्याचे कोरडे पातळ पाव कुरतडते. माझी आजी असं कोंबड्यांना घालायची. मी तिच्या बॅगेत कलेजीच्या सॉसेजचा अख्खा तुकडा लपवला. गेल्या वर्षी तिने तो जागेवर उभ्याने संपवला असता. संध्याकाळी वर्कशॉपच्या मांजरीकडे सापडला.

वीबके एक, उबो शून्य.

२४ मार्च

फळ्यावर भागांची वजनं लिहितो आम्ही. डावा पंख, उजवा पंख, धड, शेपूट. मी गंमत म्हणून खाली लिहिलं "वीबके". वाटलं, आन्सगार बोंबलेल. तो शांतपणे खडू घेऊन आला आणि पुढे रकाना आखला. म्हणाला, "हे चांगलं केलंस."

आता दर शनिवारी ती काट्यावर उभी राहते. आज सत्तावन्न. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, तिने वाकून मुजरा केला.

१४ एप्रिल

त्रेपन्न. टाळ्या.

डेट्लेफने मात्र टाळी वाजवली नाही. त्याने पट्टी घेतली, खाली पेन्सिल आडवी घातली, एका टोकाला नट ठेवला आणि दुसऱ्याला खोडरबर. "बघा रे, हा जड नट म्हणजे उबोची शेपूट. पुढे बसलेली वीबके म्हणजे हे खोडरबर. खोडरबर हलकं झालं तर काय होईल?" त्याने ब्लेडने खोडरबर कापलं. पट्टीचं नटाचं टोक खाली गेलं. "नाक वर होतं. मग ते खाली आणताच येत नाही. ग्लायडर भोवऱ्यासारखं गरगरत जमिनीवर येतं. पंचावन्नच्या खाली मी तिला बसू देणार नाही."

"नाकात शिसं ठेवा ना मग थोडं," कुणीतरी म्हणालं.

आन्सगार असा उठला, जणू कुणी त्याच्या आईला शिवी दिली. "शिसं? मी सहा वर्षं ग्रॅम ग्रॅम खरवडलं आणि आता शिसं? माझ्या जिवंतपणी नाही."

"मग तिला जेवू घाल," डेट्लेफ म्हणाला.

मी कापलेलं खोडरबर पळवलं. मला यातलं अर्धंच कळलं. हलकं चांगलं म्हणून सहा वर्षं कान किटले आणि आता हलकं वाईट? डेट्लेफ आजोबांचं वय झालं.

६ मे

मेकॅनिक्सला पुन्हा नापास. सलग दुसऱ्यांदा. एकदाच संधी उरली, मग विद्यापीठ आपल्याला हात जोडून नमस्कार करेल.

वीबके सोबत कँटीनला आली. मला बरं वाटावं म्हणून असेल, माझ्याएवढंच ताटात घेतलं, करीवुर्स्ट म्हणजे ते सॉसमध्ये बुडवलेलं सॉसेज, तळलेले बटाटे, सगळं. खाल्लंही. मी म्हटलं, शाब्बास, डेट्लेफ खूश होणार. मग ती पंधरा मिनिटं बाथरूमला. परत आली तेव्हा डोळे लाल.

"पोट बिघडलंय का?" मी विचारलं.

"कँटीनचं तेल."

आठवड्यात हे तिसऱ्यांदा. कँटीनवाल्याला कुणीतरी सांगायला हवं.

२ जून

आज वीबकेने मला वर्कशॉपच्या मागे बोलावलं. मला वाटलं, चहा-बिहा पाजते की काय. तिने आपलं जाड ताडपत्रीचं उडायचं जाकीट पुढे केलं.

"यात चार किलो बसवशील?"

"कशाचे?"

"शिशाच्या छर्‍यांचे." चिकटवताना भाग दाबून ठेवायला छर्‍यांच्या पिशव्या असतात आमच्याकडे. "उबो, मी खाते पण वाढत नाही. पुढच्या शनिवारी डेट्लेफ शेवटचं वजन घेणार. पंचावन्न भरले नाहीत तर तो दुसऱ्या कुणाला बसवेल."

"मग वाढव ना थोडं."

"प्रयत्न करतेय." ती हसली. हल्ली हसताना तिचे दात मोठे दिसतात. "तसंही मी हे घालूनच उडणार. म्हणजे शिसं नाकाशी असणारच की. कुणाचं काय बिघडतं? आणि आन्सगारला कळणारही नाही."

म्हणजे डेट्लेफला गंडवायचं आणि आन्सगारच्या विमानात त्याच्या जिवंतपणी शिसं घालायचं. दोन्ही एकाच फटक्यात! असं काम मला आयुष्यात कुणी दिलं नव्हतं. अस्तर उसवलं, छोट्या छोट्या पिशव्या करून कमरेच्या कडेने गोल शिवल्या. आईने शिवण शिकवली त्याचं सार्थक झालं.

अंगात घालून बघायला तिने स्वेटर काढला. दंड माझ्या मनगटाएवढे. मी म्हटलं, "हडकुळी नंबर दोन." ती खूश झाली. खरंच खूश झाली.

९ जून

वजन घेतलं.

"जाकिटासकट?" डेट्लेफ म्हणाला.

"वर थंडी असते. घालूनच उडणार तर घालूनच मोज."

छप्पन्न! मी खोकल्याचं नाटक करत बाहेर पळालो आणि मांजरीला मिठी मारली. डेट्लेफने स्वतः खडूने लिहिलं आणि तिच्या पाठीवर थाप मारली. मला वाटलं, आता छर्रे खुळखुळणार. माझी शिवण पक्की.

३० जून

रात्री लिहिणार नाही म्हटलं होतं. लिहितो.

सकाळपासून ऊन. मैदानावर सगळे, जुने मेंबरसुद्धा बायकापोरं घेऊन आलेले. हडकुळी गवतात पांढरीशुभ्र. वीबके आत बसली, पाठीला पॅराशूट. डेट्लेफ पट्टे आवळायला वाकला. जाकीट कमरेशी फुगलेलं, पट्टा मांडीवर नीट बसेना. दोनदा ओढला.

"हे जाकीट काढ."

"राहू दे ना."

"तीस डिग्री आहे, वीबके. काच लावल्यावर शिजशील आत. आणि पट्टे बसत नाहीयेत."

"मला चालतं."

"मला नाही चालत. नाहीतर उतर, पुढच्या महिन्यात बघू."

पुढे ओढणारं विमान चालू होऊन उभं. सगळे बघतायत. तिने हळूहळू जाकीट काढलं. डेट्लेफ मनाशीच हिशेब करत म्हणाला, "जाकीट म्हणजे किलोभर. पंचावन्न राहतातच. चालेल."

वीबकेने माझ्याकडे बघितलं. तिने जाकीट काचेच्या कडेवरून माझ्या हातात दिलं, दोन्ही हातांनी, तान्हं मूल देतात तसं, डेट्लेफला वजन कळू नये म्हणून. अजून बघतच होती. मला वाटलं, पकडले जाऊ म्हणून घाबरलीय.

मी डोळा मारला.

आणि मनात म्हटलं, बरंच झालं की, आता ती आणखी हलकी. आन्सगारने माझे आभार मानायला हवेत.

उडाली. सुंदर उडाली. हजार मीटरवर दोर सोडला. रेडिओवर तिचा आवाज आला, "अरे, ही जिवंत आहे!" आन्सगार रडत होता. दोन वळणं घेतली. मग वेग कमी करून बघायचं ठरलेलं होतं, तसं नाक वर गेलं. वर गेलं ते वरच राहिलं. एक पंख गळून पडल्यासारखा खाली आला आणि ती गरगरायला लागली. सपाट. नाक खाली न करता.

डेट्लेफ रेडिओत ओरडत होता, "दांडी पुढे! पूर्ण पुढे!"

ती म्हणाली, "पुढेच आहे."

मग डेट्लेफ, "उडी मार. वीबके, उडी. उडी मार!"

उत्तर नाही. हडकुळी पाइनच्या नव्या लागवडीत गेली. आवाज फार मोठा झाला नाही. आन्सगारने तिला हलकी बनवली होती ना.

जाकीट माझ्या हातात होतं, हे मला गाडीत बसल्यावर कळलं.

३ जुलै

जिवंत आहे. पाठीचा कणा. फक्त घरच्यांना आत सोडतात.

५ जुलै

चौकशीला दोन माणसं आली. तुकडे ताडपत्रीवर मांडले, फोटो काढले. वैमानिकाचं वजन? डेट्लेफ म्हणाला, पंचावन्न. त्यांनी लिहून घेतलं. मी तिथेच उभा होतो. मला कुणी काही विचारलं नाही, मला कुणी कधी काही विचारत नाही.

आन्सगार त्यांना म्हणाला, "शेपूट लहान काढली मी. चूक माझी आहे. आकृतीतच आहे." हे तो तीन-चार वेळा म्हणाला. दुसऱ्या माणसाने त्याला बसायला खुर्ची दिली.

विद्यापीठाने वर्कशॉपला कुलूप लावलंय.

११ जुलै

आन्सगार खोलीबाहेर येत नाही. मी दाराबाहेर सूप ठेवून आलो. दुसऱ्या दिवशी तसंच, वर साय धरलेली. खिडकीतून दिसलं, सहा वर्षांची चित्रं कचऱ्याच्या डब्यात उभी करून ठेवलीत. गुंडाळून, नीट, कुणाला तरी भेट द्यायची असावीत तशी.

मी त्याच्या कडीला मेलेला मासा बांधू शकलो असतो. एरवी बांधला असता.

१९ जुलै

मेकॅनिक्सची शेवटची संधी सप्टेंबरात आहे. करायला दुसरं काही नाही म्हणून पुस्तक उघडलं. तिसरा धडा, तरफ. वजन गुणिले अंतर. ही तीच डेट्लेफची पट्टी. यावेळी खोडरबर पळवायला समोर डेट्लेफ नव्हता, म्हणून शेवटपर्यंत वाचलं.

मग उदाहरणातल्या आकड्यांऐवजी आमचे घातले. शेपटीचं वजन मला पाठ आहे, त्यापायी वीट वाहिलीय. पंचावन्न घालून पाहिले. जमतं, जेमतेम. मग तिचे खरे घातले. मी जाकीट खोलीवरच्या काट्यावर ठेवून पाहिलं होतं, छप्पन्नातून ते वजा केलं.

पुन्हा केलं. पुन्हा केलं. आयुष्यात पहिल्यांदा माझं गणित दरवेळी एकच उत्तर देत होतं.

तिला माहीत होतं. जाकीट देताना तिला माहीत होतं. ती पकडले जाऊ म्हणून बघत नव्हती. मी काहीतरी बोलावं म्हणून बघत होती. स्वतः बोलली असती तर भिंतीवरचं नाव गेलं असतं. मी बोललो असतो तर उबोने भंकस केली, एवढंच झालं असतं.

२१ जुलै

आन्सगारचं दार ठोठावलं. उघडेना. म्हटलं, "दार फोडतो, मला येतं ते." मग उघडलं. दाढी वाढलेली, खोलीला वास.

सगळं सांगितलं. जाकीट त्याच्या टेबलावर ठेवलं. टेबल करकरलं. मला वाटलं, आता मारेल. मारावं, असं वाटत होतं. चष्मा काढून खिशातही ठेवला होता.

तो जाकिटाकडे बघत राहिला. मग पेन्सिल शोधायला लागला. डब्यातून एक चित्र ओढलं, त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूला आकडे मांडले. वीबके एकावन्नाचीही नव्हती. पेन्सिल थांबली. त्याने खांदे खाली सोडले, असा श्वास सोडला की कागद हलला.

"शेपूट बरोबर होती," तो म्हणाला.

"आन्सगार..."

"उबो, शेपूट बरोबर होती! ती तशीच फिरायला हवी होती! एवढं वजन मागे म्हटल्यावर ती फिरणारच, माझं गणित तेच सांगतं!" त्याने माझा चेहरा दोन्ही हातांत धरला आणि कपाळाचा मुका घेतला. हसत होता. डोळ्यांतून पाणी. "येडा आहेस तू, पण माझं विमान वाचवलंस."

खिडकीतून त्याला सायकलवर जाताना पाहिलं. पायात चपला नव्हत्या. वीबके कशी आहे, हे त्याने विचारलं नाही.

२४ जुलै

सगळे जमले. वर्कशॉपला कुलूप, म्हणून मैदानावरच्या शेडमध्ये. आन्सगारने दाढी केलेली. आकडे मांडले. एकेकाच्या चेहऱ्यावर रंग येताना दिसत होता. चौकशीवाल्यांना कळवू म्हणाले, विद्यापीठाला पटवू म्हणाले, दुसरी बांधू. साचे शाबूत आहेतच. दुसरी पाच किलोने हलकी होईल.

माझ्यावर कुणी ओरडलं नाही. एकाने मला बिअर दिली.

मी म्हटलं, "अरे, तिचे पाय गेलेत."

"हो ना, फार वाईट," तो म्हणाला. खरंच वाईट वाटलं त्याला. मग तो साच्यांबद्दल बोलायला लागला.

दुसरी बांधायला हात वर करा म्हटल्यावर सगळे हात वर गेले. डेट्लेफचा नाही. तो कोपऱ्यात बसून म्हणत होता, "किलोभर म्हणालो मी. हातात घेऊनसुद्धा नाही बघितलं." मी शेजारी जाऊन बसलो. त्याने मला लाथ घालावी म्हणून जरा जवळच बसलो. त्याने घातली नाही.

४ ऑगस्ट

आज आत सोडलं.

ती सपाट झोपलेली, डोक्याला लोखंडी कडं, कड्याला वजनं टांगलेली. ती वजनं मी मुद्दाम मोजली नाहीत. फक्त डोळे माझ्याकडे फिरले.

"ये, चोरा," ती म्हणाली. आवाज तोच.

मी तयारी करून आलो होतो. एक वाक्य पाठ केलं होतं. तिने बोलूच दिलं नाही.

"आन्सगार काय म्हणतो?"

"शेपूट बरोबर होती म्हणतो."

तिने डोळे मिटले. तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी फेब्रुवारीत पाहिलं होतं, सगळे हात वर गेले तेव्हा.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "माहीतच होतं मला. दुसरी बांधतायत?"

"हो."

"मग लिहून घे. पहिल्या उड्डाणाचा अहवाल द्यायला लागतो. कागद आहे?"

कागद नव्हता, ही वही होती. ती सांगत गेली, छताकडे बघत, मी मांडीवर वही ठेवून लिहीत गेलो. हाताच्या ओढीला लगेच वळते. सुकाणू हलकं, जरा जास्तच हलकं. साठच्या वेगाला धडात बारीक थरथर, पायांना जाणवते. हे सांगताना ती थांबली. मग म्हणाली, "जाणवली." मी खोडून तसं केलं. वेग कमी केल्यावर नाक आपोआप वर. दांडी पूर्ण पुढे, फरक नाही. तिसऱ्या-चौथ्या फेरीनंतर फिरण्याचा वेग मंदावला.

"मंदावला?" मी म्हटलं. "म्हणजे वेळ होता तुझ्याकडे. डेट्लेफ ओरडत होता."

"ऐकू येत होतं."

"मग?"

नर्स आली, सलाइन बघून गेली.

"हडकुळी परत ताब्यात येत होती, उबो. हाताला कळत होतं. मी उडी मारली असती तर वजन आणखी गेलं असतं आणि ती संपलीच असती. मला वाटलं, मी बसून राहिले तर वाचेल." तिने श्वास घेतला. "हे लिहू नकोस."

"मग काय लिहू?"



"लिही, वैमानिकाला उडी मारायला वेळ मिळाला नाही."

लिहिलं.